प्रचाराचा शेवटचा दिवस, कात्रणांच्या खोलीत

पहाटे पावणेपाच

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातली दुकानं या वेळी बंद असतात आणि रस्ता मात्र गजबजलेला असतो. विक्रेते फुटपाथवर मांडी घालून अंकांत पुरवण्या भरत असतात. आज १८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराचा शेवटचा दिवस, त्यामुळे गठ्ठे नेहमीपेक्षा जाड आहेत. पहिल्या पानावर जाहिरातीचं जॅकेट, त्याच्या आत आणखी एक. बातम्यांचं खरं पहिलं पान गाठायला बरीच पानं उलटावी लागतात. उद्या आणि परवा, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी आणि मतदानाच्या दिवशी, दैनिकात राजकीय जाहिरात छापायची तर ती आधी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. आजच्या अंकाला ती अट नाही. म्हणून ज्याच्याकडे जे शिल्लक आहे, ते आज छापून आलं आहे.

आमच्यातला सर्वांत लहान, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकणारा मुलगा, प्रत्येक दैनिकाच्या दोन प्रती घेतो. एक कापायला, एक तशीच ठेवायला. पानावर शेजारी काय होतं, वर ‘जाहिरात’ असं बारीक अक्षरात लिहिलं होतं का, हे पुढे विचारलं जातं. तेव्हा अख्खं पान हाताशी नसेल, तर तक्रार तिथेच संपते.

साडेसहा

नारायण पेठेतली ही खोली काकांच्या मेहुण्यांची. भाडं नाममात्र, वीज आमची. इथून आम्ही चौघं राजकारण आणि माध्यमांवर एक छोटं पाक्षिक काढतो. काका एका दैनिकातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्या वकीलबाई, सत्र न्यायालयात काम करणाऱ्या. तिसरा हा मुलगा. चौथी मी, बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीची पानं लावली आहेत. पाक्षिक वर्गणीवर चालतं. आचारसंहिता लागली की आम्ही कोणाचीच जाहिरात घेत नाही, पुस्तकांच्या दुकानाचीसुद्धा. शेजारच्या दुकानदाराला हे अजून पटलेलं नाही. पण दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवायचं, तर आपलं पान आधी कोरं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

चहा येतो आणि वाचन सुरू होतं. मोठ्याने, एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या हातातला अंक बघायचा. ही पद्धत काकांची. पूर्वी छापखान्यात एक जण मूळ प्रत वाचायचा आणि दुसरा खिळ्यांवरून उतरलेलं मुद्रित तपासायचा. त्या सवयीतून ती आली. डोळे चुकीच्या शब्दावरून घसरून पुढे जातात, कान अडतो.

आज सव्वासातला कान अडला. मुलगा एका दैनिकातली तीन कॉलमी बातमी वाचत होता. जिल्ह्यातल्या एका उमेदवाराचा ‘झंझावाती प्रचार’, ‘सर्व समाजघटकांचा उत्स्फूर्त पाठिंबा’, ‘विजय निश्चित’. काका म्हणाले, “थांब. पुढचं मी सांगतो.” आणि त्यांनी समोरच्या दुसऱ्या दैनिकातून पुढचं वाक्य वाचलं. तेच. त्याच्या पुढचंही तेच. मथळे वेगळे, फोटो एकच, मजकूर शब्दशः एक.

आठ ते दहा

मुलाला इथेच आनंद झाला होता. काकांनी त्याला खाली बसवलं.

“दोन्हीकडे ‘आशिर्वाद’ चुकलाय काका, शि ऱ्हस्व आहे!”

“तो अर्धा महाराष्ट्र चुकतो. तो पुरावा नाही. ती खालची ओळ बघ.”

चौथ्या परिच्छेदात ‘मतदारसंघातील मतदारसंघातील’ असा शब्द दोनदा पडला होता. दोन्ही दैनिकांत, त्याच जागी. मजकूर एकाच फाइलमधून आला आणि दोन्ही ठिकाणी कोणी वाचलाही नाही, हे त्यावरून ठरतं. यातून पैसे दिले गेले हे मात्र ठरत नाही, आणि आमच्या कामातली सगळी अडचण या फरकात आहे. पक्षाच्या कार्यालयातून रोज प्रेसनोट येतात. कमी माणसांत पानं लावणारा उपसंपादक त्या तशाच उचलतो. मीही रात्री अकराला रिकाम्या पानाकडे बघत बसलेली आहे. त्या माणसावर लाचखोरीचा शिक्का मारायला माझा हात धजत नाही.

भारतीय प्रेस कौन्सिलच्या व्याख्येत पेड न्यूज म्हणजे रोख वा वस्तुरूप मोबदला घेऊन छापलेली बातमी किंवा विश्लेषण. मोबदल्याची पावती कोणी देत नाही. म्हणून निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शनात खुणा सांगितल्या आहेत: स्पर्धक दैनिकांत साधारण एकाच वेळी आलेला सारखाच मजकूर, एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाची खात्री, एका उमेदवाराला प्रत्येक समाजघटकाचा पाठिंबा असल्याचं सांगणारी बातमी. आम्ही भिंतीवर हे लिहून लावलं आहे. आजच्या मजकुरात त्यातल्या दोन खुणा आहेत. त्यातल्या एका दैनिकाच्या पाचव्या पानावर तिसरीही निघाली. वरच्या अर्ध्यात एक उमेदवार ‘विजयाच्या उंबरठ्यावर’, खालच्या अर्ध्यात त्याचाच प्रतिस्पर्धी ‘मताधिक्याने निवडून येणार’. दोन्ही बातम्यांना बायलाइन नाही. दैनिकाच्या स्वतःच्या वार्ताहराने सभा बघितली असती, तर एका ओळीत तरी गर्दी किती, कोण आलं नाही, माइक कधी बंद पडला, असं काही आलं असतं. विकत घेतलेल्या बातमीत माणसं नसतात, विशेषणं असतात.

मुलाने विचारलं, हे याआधी कोणी पकडलं होतं का? त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. १३ ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीआधी तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर मराठी दैनिकांत पानंच्या पानं स्तुतिपर मजकूर आला. त्यातला काही एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः एकच होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे दाखवून दिलं, आणि त्याशेजारी चव्हाणांनी वृत्तपत्रीय जाहिरातींवर दाखवलेला खर्च ठेवला: ५,३७९ रुपये. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. आयोगाने २०१४ मध्ये हिशेब योग्य रीतीने दाखवला नाही असं म्हणत त्यांना नोटीस काढली, आणि ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. मुलाचा चेहरा पडला. पेड न्यूजच्या चौकशीसाठी प्रेस कौन्सिलने त्या विधानसभा निवडणुकीच्या आधीच परंजॉय गुहा ठाकुरता आणि श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. त्यांचा सविस्तर अहवाल २०१० मध्ये तयार झाला, आणि त्यात वृत्तपत्रांची नावं असल्याने कौन्सिलने तो दाबून ठेवून त्रोटक आवृत्ती पुढे केली. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. ज्या संस्थेकडे पत्रकारितेची नीती सोपवली आहे, तिने वाचकांपासून ही नावं लपवावीत, याची चीड मला आजही येते.

उत्तर प्रदेशात मात्र एक आमदारकी गेली. बिसौलीच्या उमलेश यादव यांना ऑक्टोबर २०११ मध्ये निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, कारण पैसे देऊन छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांच्या हिशेबात नव्हता. सगळा कायदा याच एका खिळ्यावर टांगलेला आहे. पेड न्यूज हा आपल्याकडे स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं. झालं काही नाही. उमेदवार सापडतो तो खर्चात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. अशी बातमी पेड ठरली, तर तिची जागा मोजून सरकारी जाहिरात दराने रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते.

म्हणून दहापर्यंत आम्ही पट्टी घेऊन कॉलम सेंटिमीटर मोजतो. कंटाळवाणं काम आहे. त्यात चूक चालत नाही.

सव्वाअकरा

जिल्हाधिकारी कार्यालय. जिल्ह्यात २१ मतदारसंघ, त्यामुळे आवारात पांढऱ्या गाड्यांची रांग. वकीलबाईंनी अर्ज दोन प्रतींत केला आहे, सोबत अख्ख्या पानांच्या प्रती आणि दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी लावलेला तक्ता. अर्जात ‘पेड न्यूज’ हा शब्द एकदाच, तोही ‘असल्याचा वाजवी संशय’ या जोडीने. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून पोच घेतली की अर्धं काम झालं असं त्या म्हणतात.

हे अर्ज जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे जातात. तिच्यात निवडणूक अधिकाऱ्यांसोबत माहिती खात्याचे अधिकारी आणि एक स्वतंत्र नागरिक किंवा पत्रकार असतो. समितीला संशय वाटला, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने ९६ तासांत उमेदवाराला नोटीस काढायची, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर समितीचा निर्णय अंतिम. पुढे राज्य समितीकडे आणि निवडणूक आयोगाकडे अपील आहे. हे तास मोजले की लक्षात येतं: आजच्या बातमीवर कितीही झपाट्याने नोटीस निघाली, तरी मतदान परवा आहे. निर्णय येईल तेव्हा मत यंत्रात बंद झालेलं असेल.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पानं मोजून घेतली. निवडणुकीच्या कामाने त्याचे डोळे तांबारलेले होते. “बाई, असे अर्ज फार कमी येतात,” तो म्हणाला. “एका उमेदवाराचे लोक दुसऱ्याविरुद्ध येतात, वाचक कोणी येत नाही.” राज्यभर २८८ जागांवर ४,१३६ उमेदवार उभे आहेत. रोज सकाळी कोट्यवधी लोक दैनिक उघडतात. आपल्याला बातमी म्हणून जाहिरात दिली गेली, ही तक्रार करण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

दीड

खोलीवर परत. डबे उघडताना मोबाइलवर मुंबईच्या पत्रकार परिषदेची दृश्यं. ‘एक हैं तो सेफ हैं’ या पंतप्रधानांच्या घोषणेला उत्तर म्हणून राहुल गांधींनी एक तिजोरी समोर ठेवून तिच्यातून धारावी आणि अदानींची पोस्टरं काढली आहेत. वाहिन्यांवर पुढचा तास हीच तिजोरी दिसते. मी मुलाला नोंद करायला सांगते: धारावी प्रकल्पाच्या निविदेबद्दल कोण किती मिनिटं बोललं, तिजोरीबद्दल कोण किती. लाडकी बहीण योजनेतल्या महिलांना १,५०० रुपयांचे २,१०० करणार की ३,००० देणार, या प्रश्नावरही महिनाभर आकडे फेकले गेले. पैसा राज्याच्या कोणत्या खर्चातून वळवणार, हे विचारणारा निवेदक आम्हाला क्वचित सापडला. ही नोंद पुढच्या अंकाचा विषय आहे. आज तेवढ्यावर थांबतो.

तीन

फोनाफोनी. ज्यांच्यावर लिहितो आहोत, त्यांची बाजू घेतल्याशिवाय ओळ छापायची नाही. पहिल्या दैनिकाच्या वरिष्ठांनी सांगितलं की मजकूर पक्षाच्या प्रेसनोटवरून घेतला. ठीक, ही त्यांची बाजू, तशीच छापू. दुसऱ्या दैनिकातून कोणी बोललं नाही. उमेदवाराच्या माध्यम समन्वयकाने प्रश्न लेखी मागितले, ते पाठवले.

मग मी तालुक्यातल्या एका वार्ताहराला फोन केला. त्याचं नाव आणि तालुका, दोन्ही कधीच छापले जाणार नाहीत. तो जे सांगतो ते या व्यवसायात प्रत्येकाला ठाऊक आहे आणि फार थोड्यांनी लिहिलं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो किंवा नावाला असतो. त्याचं घर चालतं जाहिरातींच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी आली की शुभेच्छुकांची यादी घेऊन त्यानेच दारोदार जायचं आणि वर्षभर त्याच नेत्याविरुद्ध पाणीटंचाईची बातमी द्यायची. निवडणूक आली की ‘पॅकेज’ ठरतं. इतक्या बातम्या, इतके फोटो, एक मुलाखत, शेवटच्या दिवशी अर्धं पान. पॅकेज वर ठरतं, मजकूर खाली येतो, वार्ताहराने फक्त ‘प्रतिनिधी’ होऊन गप्प राहायचं.

“ताई, मी सभेला गेलो होतो. तिथे लोकांनी रस्त्याबद्दल त्यांना घेरलं. मी ते लिहून पाठवलं,” तो म्हणाला. “छापून काय आलं ते तुम्ही वाचलंच.”

त्याची ती न छापलेली बातमी मी मागून घेतली. पंधरा ओळी. गावाचं नाव, रस्ता कधी मंजूर झाला, काम कुठे थांबलं, एका म्हाताऱ्या बाईने उमेदवाराला काय विचारलं. नीट, साधी, तपासता येण्याजोगी बातमी. पेड न्यूजचं नुकसान मोजताना सगळे पैशांचा हिशेब करतात. त्या जागेवर येऊ शकली असती ती बातमी कुठल्याच नोंदवहीत येत नाही. आज या पंधरा ओळींमुळे माझ्यासमोर ती जागा भरलेली दिसली.

साडेचार ते सहा

लेख चौघं मिळून लिहितो आणि याच वेळी भांडणं होतात. आजचं मोठं होतं. मुलाचं म्हणणं, अंक रात्री छापायचा, उद्या लोकांच्या हातात द्यायचा, उमेदवाराच्या नावासकट. मतदान झाल्यावर कळून मतदाराला काय उपयोग?

त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. वकीलबाईंनी मात्र तीन गोष्टी मांडल्या. उमेदवाराला उत्तराला वेळ मिळालेला नाही. समितीने काही ठरवलेलं नाही. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, त्याला उत्तर द्यायला जागाच नसताना त्याचं नाव छापलं, तर आपणही त्याच्या प्रतिस्पर्ध्याला फुकट पॅकेज दिल्यासारखं होईल. भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं ३५६ कलम त्यांनी शेवटी काढलं, आणि मला ते आवडलं. भीती हे पहिलं कारण असू नये.

काकांनी मार्ग सुचवला. उद्याच्या अंकात नाव कोणाचंच नको, खुणा सगळ्या द्याव्यात. दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी, नावं झाकून, आणि तो दोनदा पडलेला शब्द अधोरेखित करून. वाचकाने आपल्या घरातला अंक काढावा आणि स्वतः ताडून बघावं. नावं, दैनिकांची उत्तरं आणि तक्रारीचं काय झालं हे मतदानानंतरच्या अंकात. मुलगा पूर्ण राजी झाला नाही. त्याचा आक्षेप संपादकीयाखाली चौकटीत छापायचं ठरलं.

सहा

बरोबर सहाला रस्त्यावरचा भोंगा बंद झाला. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६. दूरचित्रवाणीवर निवडणुकीचा मजकूर दाखवायलाही या काळात बंदी आहे. छापील मजकूर त्या कलमात येत नाही. छापील जाहिरातीला उद्या-परवा पूर्वमंजुरी लागेल, पण बातमीला कोणतीच मंजुरी लागत नाही, आणि लागूही नये. सरकारने बातम्या आधी तपासाव्यात असं आमच्यापैकी कोणालाही मान्य नाही. नेमकी याच फटीत पॅकेज बसतं. उद्याचा अंक हा प्रचार शांत झालेला असतानाचा अंक, मतदाराच्या डोळ्यांसमोर राहणारा जवळजवळ शेवटचा. तिथली बातमी म्हणूनच सर्वांत महाग असते. कायद्याला हात लावता येत नाही अशा या जागी पहारा फक्त संपादकाच्या विवेकाचा आणि वाचकाच्या नजरेचा उरतो.

साडेआठ

काटोलजवळ माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या गाडीवर दगडफेक झाल्याची बातमी फोनवर आली. पाठोपाठ दोन्ही बाजूंचे दावे आले, एक हल्ल्याचा, दुसरा बनावाचा. काही वाहिन्यांनी दोन्ही दावे तथ्य म्हणून चालवले. जखम आणि गाडी याशिवाय या घटकेला कोणाकडे काही नव्हतं. आम्ही ते अंकात घेतलं नाही.

साडेदहा

काका पानं वाचतात. संगणकावरचं ते वाचत नाहीत, कागद लागतो. लाल पेन, समासात खुणा. त्यांनी माझ्या लेखातली तीन विशेषणं काढली आणि काही म्हणाले नाहीत. मला कळलं. सकाळी ज्या विशेषणांबद्दल मी तावातावाने बोलले, तीच संध्याकाळपर्यंत लेखात येऊन बसतात. रागाने लिहिलेल्या मजकुरात ती जास्त येतात.

सव्वाबारा

पानं छापखान्यात गेली. वकीलबाई वहीत पुढच्या तारखा लिहीत आहेत. मतमोजणी २३ नोव्हेंबर. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशेब दाखल करायचा, म्हणजे २३ डिसेंबरपर्यंत. निवडणूक आचार नियमांतल्या ८८ व्या नियमाप्रमाणे एक रुपया फी भरून तो हिशेब कोणालाही बघता येतो. मतदार असो, नसो. मुलाने त्या तारखेखाली दोन्ही दैनिकांची नावं, पान क्रमांक आणि कॉलम सेंटिमीटर लिहिले, आणि पलीकडे हिशेबातल्या रकमेसाठी एक रकाना मोकळा ठेवला.